गाडीत जे कोणी असेल

१

मोठ्या रस्त्याच्या कडेला वजनकाटा आहे, त्याच्या काचेच्या खोलीत मी बसते. ट्रक येतो, जमिनीत बसवलेल्या लोखंडी प्लेटवर चढतो, लाल आकडे जरा थरथरतात, स्थिरावतात, मी ते टिपून घेते. मग पुढचा ट्रक. घरी भांडायला माणसं आहेतच, इथे निदान आकडा उलटून बोलत नाही, म्हणून मला हे काम आवडतं.

रिकामी गाडी तोलताना मात्र एक पथ्य पाळावं लागतं. आत कोणी असता कामा नये. काही ड्रायव्हर हुशारी करतात, सीटमागच्या बिछान्यावर क्लीनरला चादर पांघरून निजवतात. रिकामी गाडी एका माणसाने जड दाखवली की पुढे मालात तेवढा घोळ घालता येतो. म्हणून दर वेळी मी भोंग्यावरून सांगते, "इंजिन बंद करा. गाडीत जे कोणी असेल त्यांनी खाली उतरा." आणि थांबते. पुष्कळदा पडदा हलतो, केस विस्कटलेला एखादा इसम ओशाळून खाली उतरतो आणि आकडाही तेवढाच उतरतो. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय, की लेक शाळेत होती तेव्हा तिला मी अंथरुणातून असंच उठवायचे.

माझा नवरा सुतार आहे. आम्ही एकमेकांना पहिल्यापासून अरे-तुरेच करतो. गेल्या वर्षी तो आजारी होता. त्या आजाराचं नाव आम्ही घरात घेत नाही. भरल्या अंगाचा माणूस बघता बघता वाळून गेला. दर रविवारी मी त्याला बाथरूममधल्या काट्यावर उभं करायचे आणि तोंडावर काही न दाखवता आकडा बघायचे. आयुष्यभर आकडे बघून पोट भरलं, पण त्या आकड्यांनी माझी झोप उडवली. मग एका रविवारी आकडा थांबला. नंतर चढू लागला. शेवटच्या तपासणीत डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आता वर्षभर मला तोंड दाखवू नका." मी त्यांच्यासमोरच रडले.

घरी आल्या आल्या त्याने तो छोटा काटा उचलला, माळ्यावर टाकला आणि माझ्याकडून वचन घेतलं. "आता मला तोलायचं नाही. जाडा होऊ दे, बारीक होऊ दे. बायको म्हणून बघ, काटेवाली म्हणून नको." मी वचन दिलं. त्या दिवशी त्याने आभाळ मागितलं असतं तरी दिलं असतं.

त्याने मागितली ती गाडी. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने ठरवलं होतं, की यातून उठलो तर राहता येईल अशी गाडी घ्यायची आणि दोघांनी फिरत सुटायचं. शोधाशोध करून शेवटी दोन गाड्यांवर गाडी अडली. एक जुनी कॅम्पर व्हॅन, आमच्या लग्नाहून म्हातारी. दुसरी नवी कोरी फोर-बाय-फोर. त्याचा जीव जुनीत अडकला होता. मला नवी हवी होती.

२

मी म्हटलं, दोन्ही तोलू. राहायची गाडी म्हणजे पाण्याची टाकी आली, गादी आली, शेगडी आली, याची हत्यारं तर आलीच. कोणती किती पेलते ते कळायला हवं. काट्याच्या मालकांनी परवानगी दिली आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन्ही गाड्या आल्या.

नवी गाडी शोरूमचा विक्रेता घेऊन आला. टाय लावलेला, तोंडाचा पट्टा न थांबणारा. "मॅडम, चिखल म्हणू नका, वाळू म्हणू नका, ही चारही चाकांनी ओढते. मागे कॅमेरा, पुढे कॅमेरा. चढावर सोडली तरी मागे येणार नाही." नवऱ्याने आत जाऊन बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली. तो कुठल्याही वस्तूला आधी असाच ठोकून बघतो, माझ्या वडिलांच्या कपाटालाही मला मागणी घालायला आला तेव्हा ठोकलं होतं.

"सगळं प्लास्टिक," तो खिडकीतून ओरडला. "हिच्यात राहणं म्हणजे फ्रिजमध्ये राहणं."

"फ्रिजमध्ये वस्तू टिकतात," मी भोंग्यावरून म्हटलं. विक्रेता उगाच मोठ्याने हसला.

तो आत होता तेव्हाचा आकडा आणि उतरल्यानंतरचा आकडा माझ्यासमोर होता. वचन मी मोडलं नाही, पण वजाबाकी आपोआप होते त्याला मी काय करणार? काट्याला दहा किलोच्या खालचं कळत नाही, पण मला पुरेसं कळलं. नवरा आजाराआधी होता तसा, पुरता भरला होता. त्या आनंदात मी विक्रेत्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

मग जुनी आली. खाली निळी, वर सायीच्या रंगाची, गोल डोक्याची, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे. खरं सांगायचं तर मलाही ती बघून बरं वाटलं. चालवत आले ते तिचे मालक, साठी उलटलेले, चांगले आडव्या अंगाचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. आम्ही त्यांना गाडीवाले काका म्हणू लागलो. गाडी प्लेटवर ठेवून ते खडीवरून माझ्या खोलीपर्यंत आले. त्या खडीवर मांजर चाललं तरी करकर ऐकू येते. काका दारात येऊन उभे राहिले तरी मला पत्ता नव्हता. रबरी तळाचे बूट असतील, असं मी मनात म्हटलं.

रिकामी गाडी माझ्या अंदाजापेक्षा बरीच जड भरली. जुनं लाकूड, जुना पत्रा, चालायचंच. नवरा आत चढला आणि लगेच त्याचा आवाज आला, "अगं, जोड बघ हे! एक खिळा नाही कुठे. ह्या माणसाचे हात धुऊन प्यायला हवेत." आकडा त्याच्याएवढा चढला. बऱ्याच वेळाने तो तोंडभर हसत उतरला, प्लेटवरून खाली आला, खडीवर उभा राहिला.

आकडा होता तिथेच राहिला.

प्लेटच्या फटीत खडा अडकला की असं होतं. मी खाली जाऊन फटीत स्क्रू-ड्रायव्हर फिरवला. दोन-चार खडे निघाले, पण आकडा ढिम्म. मग माझ्या धंद्यातली शंका आली आणि मी गाडीत शिरून बाकाखालचे खण, कपाट, टपाखालचा बिछाना सगळं उघडून पाहिलं. नवरा बाहेरून हसत होता. "क्लीनर सापडला का गं?" आत कोणी नव्हतं. गाडी प्लेटवरून उतरवली तसा आकडा निमूट शून्यावर आला. म्हणजे खडाच असणार, सुटला असेल.

भोंग्यावरून सांगायचं राहिलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. घरच्या माणसाला कोणी भोंग्यावरून खाली उतरा म्हणतं का?

काका म्हणाले, "पुढच्या सुट्टीपर्यंत तुमच्या अंगणात ठेवा. बसून बघा. हिच्यात बसलं की हलकं वाटतं." मग गाडीकडे बघत राहिले. "माझी बायको मागे बसायची. पुढे बसलं की तिला गरगरायचं. उतरायची नेहमी डावीकडून, माझा हात धरून."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता मी एकटाच उतरतो," ते म्हणाले आणि निघाले. ते रस्त्याला लागेपर्यंत मी कान देऊन होते. खडी वाजली नाही.

३

आमच्या घराचा जिना नवऱ्याने स्वतः केलाय. तिसरी पायरी त्याने मुद्दाम कुरकुरती ठेवली. चोर आला तर कळेल म्हणायचा. चोर कधी आला नाही, पण तीस वर्षं त्या कुरकुरीवरून मला नवरा वर येतोय हे कळतं आणि मी हातातलं मासिक लपवून झोपल्याचं सोंग घेते.

गाडी अंगणात आल्यावर दोनेक दिवसांतली गोष्ट. मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि मागून कानाशी आवाज आला, "चहा करतेस का?" माझ्या हातातला शर्ट उडाला.

"चोरपावलांनी काय येतोस रे!"

"मी? नेहमीसारखा तर आलो."

मी खाली जाऊन तिसऱ्या पायरीवर पाय दिला. कुरकुरली. त्याला म्हटलं, तू चढून दाखव. तो हसत चढला, त्या पायरीवर मुद्दाम थांबला, उडीदेखील मारली. पायरी गप्प. "लाकूड आहे, हवेने फुगतं, आटतं," तो म्हणाला. लाकडातलं त्याला कळतं, मी मान डोलावली.

तो दिवसभर गाडीतच असायचा. बिजागऱ्या सैल झाल्यात, खण घासतोय, काही ना काही निमित्त. मी कामावरून आले की पडद्यामागे त्याचं डोकं दिसायचं, नुसतं बसलेलं. उतरला की खुशीत. चेहऱ्यावर सुरकुती नाही, तक्रार नाही, आजारानंतर राहिलेली कमरेची कळसुद्धा नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

पण छोट्या छोट्या गोष्टी खटकू लागल्या. बाजाराकडून येताना जो चढ लागतो तिथे आमची जुनी स्कूटर दोघांना घेऊन कधी चढत नाही, मी खाली उतरून चालते. त्या दिवशी ती खोकलीसुद्धा नाही. दुपारी आडवं झालं की आमची गादी त्याच्या बाजूला खचते आणि मी घरंगळत त्याच्याकडे जाते, यावरून आमची लग्नापासून भांडणं. आता मी माझ्या जागी सरळ पडून राहत होते. आणि अंगणातली रिकामी गाडी, मी रोज खिडकीतून बघायचे, तिची एक बाजू खचली होती. तो बसायचा ती बाजू.

स्प्रिंग जुनी, टायरात हवा कमी, स्कूटरमध्ये नवं तेल, गादीचा कापूस पिंजायला झाला. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. एवढी उत्तरं एकाच आठवड्यात लागावीत, हे काही मला पटत नव्हतं.

४

खरी भीती मी कुणाला सांगितली नाही. मला वाटलं, आजार परत आला.

वजन उतरणं म्हणजे काय असतं ते आम्ही भोगलेलं होतं. फरक एवढाच, की या वेळी तो वाळत नव्हता. गाल भरलेले, पट्ट्याचं भोक तेच, शर्ट अंगात घट्ट. दिसायला सगळा होता, नुसता वजनाला नव्हता. असं कुठे असतं का?

लेकीला फोन केला. ती दूर असते, घाईत असते. "बाबांचं वजन कमी झाल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं.

"बारीक दिसतायत?"

"नाही गं. दिसत नाहीत."

"मग? आई, तुला सगळीकडे काटाच दिसतो. वर्षभर घाबरलीस ना, ते अजून गेलं नाही तुझं. गाडी घ्या आणि जा बरं फिरायला."

ती शहाणी आहे. मी तिचं ऐकायचं ठरवलं आणि नवऱ्याला चहा द्यायला त्याच्या कामाच्या खोलीत गेले. तो फळीवर रंधा मारत होता. रंधा नुसत्या हाताने चालत नाही, मागून अख्ख्या अंगाचा भार द्यावा लागतो, हे मी त्याच्याकडूनच शिकलेय. तो भार देत होता आणि रंधा फळीवरून नुसता घसरत होता. भुस्सा नाही, सालपट नाही. त्याने दात-ओठ खाऊन जोर केला तेव्हा फळी जागची हलली नाही, तोच मागे सरकला.

"पातं बोथट झालंय," तो म्हणाला. पातं त्याने सकाळीच परजलं होतं, मी आवाज ऐकला होता. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं. त्यालाही कळत होतं. पण मी वचन दिलेलं होतं आणि तोही आपणहून विषय काढत नव्हता.

मी माळ्याकडे पाहिलं. मग त्याने पाहिलं. चहा निवून गेला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात गेला होता. मी गाडीचं दार उघडलं आणि आत शिरले.

छोटीशी खोलीच ती. एका बाजूला ओटा आणि हातभर सिंक, समोर घडीचं टेबल, मागे भिंतीपासून भिंतीपर्यंत बाक आणि त्यावर लांबलचक जाड गादी. पडद्यांतून उन्हाचे चौकोन पडलेले. लाकडाचा, जुन्या कापडाचा वास. बाहेरच्या रस्त्याचा आवाज दार लावताच कमी झाला, जसं कुणी बोलता बोलता आपल्यासाठी थांबावं.

मी बाकाच्या कडेला टेकले. आधी गेला तो गुडघा. म्हणजे गुडघेदुखी, जिने मला गेली काही वर्षं सोडलं नव्हतं. मग खांदे सुटले. मग ते वर्ष गेलं. दवाखान्यातल्या खुर्च्या, रविवारचे आकडे, बाथरूमचं दार लावून रडणं, सगळं कुणीतरी माझ्या अंगावरून अलगद उचलून बाजूला ठेवलं. मी खोटं कशाला बोलू, मला फार फार बरं वाटलं. उठावंसं वाटेना. नवरा इथे का बसून राहतो ते कळलं आणि त्याचा हेवाही वाटला.

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला म्हणून मी उठले. दाराशी जाऊन सहज मागे पाहिलं.

गादीवर मी बसले होते तिथे खळगा होता. असतोच. आपण उठलो की गादी सावकाश वर येते. मी वाट पाहिली. ती वर आली नाही. शेजारी दुसरा खळगा होता, डावीकडे जरा जास्त दबलेला. शस्त्रक्रियेपासून नवरा डाव्या बाजूला कलून बसतो. त्याच्या पलीकडे एक रुंद, आडव्या अंगाच्या माणसाचा. आणि अगदी कोपऱ्यात, खिडकीजवळ, एक लहानसा, बायकी. जुना, खोल.

बाहेर येऊन मी अंगणातली खडी पायाने दाबून पाहिली. वाजली. पण वाजायला हवी तेवढी नाही.

माझा गुडघा दुखत नव्हता आणि त्या न दुखण्याची मला इतकी धास्ती बसली, की मी तिथेच खाली बसले. नवरा धावत आला. त्याने मला उचलून उभं केलं, एका हाताने, पिशवी उचलावी तसं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उद्या सुट्टी आहे," मी म्हटलं. "ही परत करू. आणि परत करायच्या आधी काट्यावर घेऊ. सगळं रीतसर."

तो गाडीकडे बघत राहिला. "मला ती आवडते गं."

"मलाही आवडली," मी म्हटलं. "म्हणून तर."

६

दुपारी तो गाडी घेऊन आला. प्लेटवर चढवली, पण ती थांबेना, हळूहळू पुढेच सरकत राहिली. काचेतून मला दिसत होतं, तो सीटवरून जवळजवळ उभा राहून ब्रेकवर पाय रोवत होता आणि ब्रेक खाली जात नव्हता. पुढची चाकं प्लेटच्या कडेला आली. शेवटी त्याने हाताचा ब्रेक ओढला. मग तो उतरला, प्लेटवरून खाली आला आणि रस्त्यालगतच्या खांबाला धरून उभा राहिला, कारण शेजारून मोठा ट्रक गेला की वाऱ्याने त्याचा तोल जात होता. माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा वाळत घातलेल्या कपड्यासारखा हलत होता.

काका आधीच येऊन थांबले होते. गाडीपासून लांब, पाठीमागे हात बांधून. "घेताय ना?" त्यांनी विचारलं. आवाजात आशा होती आणि लाजही होती. "मी सांगायला हवं होतं. पण सांगणार काय?"

मी वळले. खोलीत गेले. आकडा पाहिला. गाडी रिकामी होती आणि आकडा भरलेल्या गाडीचा होता.

मला भुताखेतांतलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं, की रिकामी गाडी तोलताना आत कोणी असेल तर त्याला उतरवायचं, आणि ते सांगायचं काम माझं. मागच्या वेळी मी ते केलं नव्हतं. म्हणून मी माइकचं बटण दाबलं.

"इंजिन बंद करा."

"बंदच आहे!" नवरा ओरडला.

"गाडीत जे कोणी असेल त्यांनी खाली उतरा."

थांबले. काही हललं नाही. माझं मलाच हसू येईल असं वाटलं. पुन्हा बटण दाबलं. या वेळी आवाज आपोआप बदलला, लेकीला उठवायचे तसा झाला. "चला. पुरे झालं आता. खाली उतरा."

मागच्या खिडकीचा पडदा हलला. वारा नव्हता.

गाडीची स्प्रिंग करकरली आणि गाडी एका बाजूने जराशी उचलली गेली, कुणी पायरीवरून खाली पाय टाकल्यावर उचलली जाते तशी. लाल आकडे थरथरले, उतरले. किती उतरले ते मला वजाबाकी न करता कळलं. तो आकडा मी आठवडाभर मनात घोळवला होता. खांबाजवळ नवरा मटकन खाली बसला. "आई गं!" तो ओरडला. "कंबर!"

मी खोलीतून पळत सुटणार होते, पण स्प्रिंग पुन्हा वाजली आणि माझ्या खालची खुर्ची एकदम करकरली. गुडघ्यात अशी काही कळ गेली, की डोळ्यांत पाणी आलं. ती कळ मला माहेरच्या माणसासारखी वाटली.

तिसऱ्यांदा आकडा उतरला तेव्हा खडी वाजली. काकांनी खाली पायांकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं. करकर. दुसरं टाकलं. करकर. त्यांचं तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं.

मला वाटलं, संपलं. पण आकडा अजून जास्त होता. एका लहानखुऱ्या माणसाएवढा. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. काकांनी माझ्याकडे हात करून थांबवलं. ते जड पावलांनी गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, डाव्या बाजूला. तिकडचं मला खोलीतून दिसत नाही, गाडी मध्ये येते. दार उघडल्याचा आवाज आला. "ये," ते म्हणाले. "मी धरलंय."

मी वाकले. गाडीच्या खालून, चाकांच्या मधून, पलीकडच्या खडीवर त्यांचे काळे बूट दिसत होते. बुटांच्या शेजारी खडी दबली. आधी एका जागी, हलकेच, अंदाज घेत. मग तिच्या शेजारी दुसऱ्या जागी. तिथे पाय नव्हते.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आकडा स्थिर झाला होता. असल्या गाडीचा असायला हवा तेवढाच, निव्वळ.

काका रस्त्याच्या कडेने निघाले होते. एवढा मोठा माणूस, पण पावलं अगदी लहान टाकत होता, आणि डावा हात कोपरात वाकवून अंगापासून जरा दूर धरला होता. मध्येच थांबले, वाट पाहिली, पुन्हा चालू लागले. खडी किती पायांनी वाजत होती ते मी ऐकत बसले नाही. मी नवऱ्याकडे धावले. म्हणजे लंगडत गेले.

तो खडीत बसून कमरेला हात लावून कण्हत होता आणि हसत होता. मी त्याला उठवायला गेले, तर उठवता येईना. ओढलं, तर मीच त्याच्या अंगावर पडले. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, या वयात. एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"तोल मला," नवरा म्हणाला. "वचन परत घे. तोल एकदा."

"गरज नाही," मी म्हटलं. "पायावर बसलायस माझ्या."

७

काका गाडी न्यायला परत आले नाहीत, ती काट्याच्या आवारातच पडून होती. महिन्याभराने भंगारवाल्याची क्रेन आली, काट्याच्या मालकांनी बोलावली होती. जाण्यापूर्वी मी ती गाडी आणखी एकदा तोलली आणि भोंग्यावरून तेच वाक्य तीनदा म्हटलं. क्रेनवाला म्हणाला, "बाई, भंगार आहे ते, कोण उतरणार?" मी म्हटलं, नियम आहे. कोणी उतरलं नाही. आकडा जागचा हलला नाही. तेव्हा कुठे मी जाऊ दिली.

आम्ही नवी घेतली. फोर-बाय-फोर, राखाडी, प्लास्टिकची. आत बसलं की आपलं दुखणं आपल्यापाशीच राहतं, खांद्यावरचं ओझं तसूभर कमी होत नाही. नवरा अजून तिला फ्रिज म्हणतो. त्याने आत लाकडाची फळी बसवायला घेतलीय, निदान एक तरी वस्तू जिवंत हवी म्हणतो. मी म्हटलं, फळी बसव, पण गादी मी आणणार, आणि ती पातळ असेल.

परवा निघायचं आहे. सामान भरून झालं. दुपारी मी वर येऊन पडले होते, मासिक वाचत. खाली त्याने हात धुतले, नळ बंद केला. मग जिना. पहिली पायरी, दुसरी. मी कान टवकारले.

तिसरी कुरकुरली. घर ऐकेल इतकी.

मी मासिक उशीखाली सारलं आणि डोळे मिटले. तो आला, पलंगावर बसला, कंबर धरून "आई गं" म्हणत आडवा झाला. गादी त्याच्या बाजूला खचली आणि मी घरंगळत त्याच्याकडे गेले.

"सरक की जरा तिकडे," तो म्हणाला.

मी सरकले नाही.